माझ्या झोपेविषयी काही संशय

तीर्थरूप मामांना,

नमस्कार. (वाकून केला आहे असे समजावे. प्रत्यक्ष वाकायला डॉक्टरांची मनाई आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे, मामींचा खोकला गेला का आणि मागच्या दारचा नळ गळायचा थांबला का, हे तिन्ही सविस्तर कळवावे. इकडे सगळे ठीक आहे असे आईने तुम्हाला कळवले असेलच. ते वाचून तुम्ही निर्धास्त झाला असाल तर कृपया होऊ नये. इकडे काहीतरी चालू आहे. काय ते मला अजून कळलेले नाही, कारण ते चालते तेव्हा मी झोपलेला असतो, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. तुम्ही तीस वर्षे दवाखान्यात कंपाउंडर होता, औषध तुम्हाला नुसत्या वासावरून कळते, म्हणून घरात चार माणसे असताना हे पत्र तुम्हाला लिहीत आहे. (लिहायलाही मनाई आहे. एका वेळी दहा ओळी, तेही वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालते तेवढ्या वेळात.)

आधी अपघाताविषयी, कारण आईने तो तुम्हाला चुकीचा सांगितला असणार. ती सगळ्यांना ‘डोक्यावर यंत्र पडले’ असे सांगते. यंत्र जागच्या जागी आहे, पडलो मी. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तके दाबून ठेवण्याचे लोखंडी यंत्र भिंतीजवळ आहे आणि त्याचा दांडा बरोबर डोक्याच्या उंचीवर बाहेर आलेला आहे. दोघातिघांना तो लागला तेव्हा समोरच्या भिंतीवर ‘डोके सांभाळा’ अशी पाटी मीच रंगवून लावली होती. त्या सोमवारी ती पाटी मला डावीकडे बोटभर कललेली दिसली. मी ती सरळ केली आणि खरोखर सरळ झाली की नाही ते पाहण्यासाठी दोन पावले मागे आलो. पुढचे मला आठवत नाही. पाटी सरळ आहे, एवढी खात्री मी नंतर निरोप पाठवून करून घेतली.

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, आज वार कोणता ते विचारले आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. (धडधाकट माणसाला तरी हे कशाला लागते, हे मी त्यांना विचारले. त्यांनी काहीतरी लिहून घेतले.) मी एकोणऐंशीपर्यंत नीट आलो आणि पुढे एकाहत्तर म्हणालो. त्यांनी पुन्हा लिहून घेतले. मग म्हणाले, हाड शाबूत आहे, मेंदूला धक्का बसला आहे, तीन-चार आठवडे थकवा येईल, सुस्ती राहील, गुंगी वाटेल, झोप आली की झोपायचे, वाचायचे नाही, मोजायचे नाही, कामावर जायचे नाही. आणि औषध? डोके फारच दुखले तर एक साधी गोळी, बाकी काही नाही. यानंतर ते आईला दाराबाहेर घेऊन गेले आणि माझ्या घड्याळाप्रमाणे सहा मिनिटे हळू आवाजात बोलले. आता मामा, तुम्हीच विचार करा. औषध दिलेले नाही, तर गुंगी कशाची?

आणि गुंगी म्हणजे अशी तशी नव्हे. सकाळी दहाला मी खुर्चीत बसतो, एकदा पापणी लवते, आणि दीड वाजलेला असतो. मधले साडेतीन तास कोणी नेले याचे उत्तर घरात कोणाकडे नाही. उठल्यावर डोक्यात ओला कापूस भरल्यासारखे वाटते. एक पायमोजा चढवला की दुसऱ्यापूर्वी बसावे लागते. परवा न्हाणीघरात दात घासता घासता भिंतीला टेकलो तो तिथेच डोळा लागला. मी वही केली आहे. तिच्यात दर पंधरा मिनिटांनी ‘जागा’ असे लिहितो. दहा पाच, जागा. दहा वीस, जागा. दहा पस्तीस, जा, आणि तिथून एक रेघ खाली उतरत थेट पानाबाहेर गेलेली आहे.

माझा पहिला संशय दुधावर गेला. वहिनी रोज सकाळी साडेनऊला दुधाचा पेला आणून देते आणि संपेपर्यंत समोर उभी राहते. (लग्न होऊन आल्यापासून चार वर्षांत तिने मला पाणीसुद्धा आणून दिलेले नाही, ‘हात आहेत ना भावजी?’ असे म्हणते.) म्हणून मंगळवारी मी माझा पेला दादाच्या पेल्याशी बदलला. दादा घोरायला लागला. पण सुट्टीच्या दिवशी तो दूध न पिताही घोरतो, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही, आणि शिवाय त्याला कळले. म्हणाला, “मार तुझ्या डोक्याला लागलाय, माझं दूध कशाला फिरवतोस?” बुधवारी मी सगळे दूध खिडकीतल्या कुंडीत ओतले आणि झाडावर काय परिणाम होतो ते बघत बसलो. वहिनीने हलवून उठवले तेव्हा माझा गाल कुंडीच्या काठावर होता. “झाड झोपलंय की तुम्ही?” एवढेच ती म्हणाली. झाडाची पानेही खाली पडली होती हे मी तिला दाखवले. तिचे म्हणणे, झाडाला पाणी घालायचे काम माझे आहे आणि ते दहा दिवस कोणी केलेले नाही. दूध न पिताही मी झोपलो याचा अर्थ औषध दुधात नसून चहात आहे, असे मी तूर्त धरून चाललो आहे. सोबत टिपकागदाचे दोन तुकडे आहेत, एकावर दूध, दुसऱ्यावर चहा. वास घेऊन कळवावे.

शिवाय घरात सगळे हळू बोलतात. मी खोलीत शिरलो की थांबतात. वहिनी भांडी आपटत असे, ती आता अंडी ठेवल्यासारखी ठेवते. आई येता-जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवते. शाळेत नापास झालो होतो तेव्हाही तिने असेच केले होते, त्यामुळे मला त्या हाताची भीती वाटते.

आता खरे पाणी कुठे मुरते आहे ते सांगतो. पाचव्या दिवशी मालक घरी आले. सोबत सफरचंदे होती. सहा वर्षांत ज्या माणसाने मला तापातही अर्धा दिवस दिला नाही, तो म्हणाला, “हवा तेवढा आराम कर. जागा तुझीच आहे.” जागा माझी आहे हे सांगायची वेळ का आली? जोपर्यंत होती तोपर्यंत कोणी सांगत नव्हते. मग जाता जाता म्हणाले की तोपर्यंत माझ्या टेबलाशी त्यांचे मेहुणे उभे राहतात. हे मेहुणे दोन वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी आले आणि गेलेच नाहीत, म्हणून आम्ही कामगार त्यांना पाहुणे म्हणतो. मामा, तुम्हाला ठाऊक आहे, आठवीनंतर माझी शाळा सुटली. मला येते ते एवढेच एक काम, आणि त्या टेबलाशी दुसरा माणूस उभा राहू शकला तर माझ्याकडे दुसरे काही नाही.

ते काम असे. छापून घडी घातलेल्या सोळा पानांच्या गठ्ठ्याला आम्ही फर्मा म्हणतो. लांब टेबलावर अठरा फर्म्यांच्या अठरा थप्प्या ओळीने लावलेल्या असतात. टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक थप्पीतला एक उचलायचा, शेवटाला पोचलो की एक पुस्तक जमते. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छोटी काळी खूण छापलेली असते, पहिल्याला वर, दुसऱ्याला थोडी खाली, अशी. त्यामुळे पुस्तक नीट जमले असेल तर पाठीवर जिना दिसतो, आणि एखादा फर्मा राहिला तर पायरी तुटते. तो जिना बघून पुस्तक पुढे शिवायला सोडणारा माणूस मी. म्हणून मला तपासनीस म्हणतात.

नवव्या दिवशी, आई आणि वहिनी बाजारात गेल्या असताना, मी कारखान्यात गेलो. (हे आईला कळता कामा नये.) शिवणकामाच्या एका जाड पुस्तकाचे काम चालू होते. पाहुण्यांनी जमवलेली पुस्तके मी काढून पाहिली. जिना स्वच्छ. दुसरे पाहिले, तेही स्वच्छ. दोन वर्षे चहा पीत बसलेल्या माणसाला हे एकाएकी कसे जमते? मी त्यांना म्हणालो, जरा बाजूला व्हा, आणि स्वतः चालायला लागलो. दिवे फार पांढरे वाटत होते, टेबल नेहमीपेक्षा लांब केलेले होते (माझा अंदाज), पण चाळीस पुस्तके जमवली. मग तपासण्यासाठी स्टुलावर बसलो. उठलो तेव्हा कपाळाखाली मुखपृष्ठाचा कागद होता आणि समोर माझी चाळीसच्या चाळीस पुस्तके, सगळ्यांच्या जिन्यात सातवी पायरी नव्हती. सातव्या फर्म्यात बाह्या कापण्याचा सगळा भाग आहे. चाळीस घरांत बिनबाह्यांचे सदरे शिवले गेले असते. मी झोपेत असताना कोणीतरी सातवी थप्पी हलवली, हे उघड आहे. कोणी, ते मी लिहीत नाही. तुम्ही समजून घ्याल.

तर मामा, कागद तपासावेत, नळाचे कळवावे आणि मी सांगितलेले कोणाला कळवू नये. मामींना माझा नमस्कार. लहानग्यांना पापा. त्यांची नावे आत्ता पटकन आठवत नाहीत, पण दोघीही डोळ्यांसमोर आहेत.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
(सध्या पडून असलेला)

ता. क. सातवी थप्पी कोणी हलवली नव्हती. मी आत शिरताच अंगातला स्वेटर काढून तिच्यावर टाकला होता आणि चाळीस वेळा त्या स्वेटरजवळून पुढे गेलो. हे मला काल पाहुण्यांनी स्वेटर घरी आणून दिला तेव्हा समजले. ती चाळीस पुस्तके त्यांनी त्याच दिवशी उशिरापर्यंत थांबून, प्रत्येकात बाह्या घालून नीट केली. मालकांना सांगितले नाही. मी कारण विचारले. ते आमच्या घराचा जिना चढून दमले होते, पाय चोळत म्हणाले, “तपासनीस, मला तुमची जागा नको हो. दिवसभर चालून पोटऱ्या फुटतात माझ्या. लवकर बरे व्हा. पण बरे झाल्याशिवाय आलात तर मला दोघांचं काम पडतं.” मी त्यांच्याकडे बराच वेळ रोखून पाहिले. खोटे बोलत असल्यासारखे वाटले नाहीत. मग त्यांनी सफरचंद कापून दिले आणि ते खाताना मला झोप लागली.

ता. क. दुसरे. कागद तपासले नाहीत तरी चालेल. खरे काम वेगळेच आहे. तुमच्या मागच्या खोलीला जाड पडदा आहे आणि दुपारी तिकडे कोणी फिरकत नाही, असे मामी म्हणाल्याचे आठवते. तरी तुम्ही आईला असे पत्र लिहावे की कपाटातल्या जुन्या औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आहेत आणि त्यासाठी एखादा काळजीपूर्वक काम करणारा माणूस महिनाभर पाहिजे. आराम हा शब्द लिहू नये. इथे मी सगळ्यांना ‘मला काही झालेले नाही’ असे सतरा वेळा सांगून बसलो आहे, आणि दिवसभर जागा असल्याचे दाखवण्यात मी इतका दमतो की झोपायलाही ताकद उरत नाही. बाटल्यांना हात लावीन असे वचन देत नाही.

ता. क. तिसरे. तुमच्या उत्तराची वाट न पाहता आज मीच दादाबरोबर जाऊन मालकांकडे महिन्याची रजा मागितली. ते लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच का म्हणाले, याचा नीट विचार करायचा म्हणून घरी येऊन बसलो, तो आत्ता उठतो आहे.