गंधाचा हमाल

सर, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. होतात तेव्हा तुमच्यासमोर मी कधी धड उभा राहिलो नाही, आणि आता जामखेडच्या या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत बसतो. कपाशीला पात्या लागल्यात, लोक कामगंध सापळे न्यायला येतायत. परवा एका म्हाताऱ्यानं सापळ्यात लावायचं ते ल्युअरचं रबरी बूच उलटंपालटं करून विचारलं, "ह्या एवढ्याशा बुचाच्या नादाला पतंग लागतो व्हय?" म्हटलं, "मादीचा वास हाय बाबा त्याला." "मग एक आमच्या पोरासाठी दे. सांजचं घरी तरी यील." सगळे हसले, मीही हसलो. पण मला तुमचं खर्डा गावातलं स्वयंपाकघर आठवलं.

रविवार आहे. काकू भाकरी थापतायत आणि तुम्ही पाटावर बसून पक्कडीनं बारीक तार वाकवताय. "वास तेलकट असतो बाळा. पतंगाच्या मिशीवरच्या केसांना भोकं असतात, त्यातून तो आत येतो. पण आत पाणी. तेल पाण्यातून कसं जाणार? त्याला हमाल लागतो. प्रथिनाचा हमाल." तारेला सहा पीळ दिलेत, तीन ठिकाणी दोरा बांधलात. "हे गंधकाचे टाके. म्हणून घडी उसवत नाही." पिळांच्या मधोमध एक खोलगट खिसा राहिला होता, त्यात तुम्ही वास म्हणून शेंगदाणा ठेवलात. पलीकडं मज्जातंतूच्या दाराशी पाण्याचा आंबटपणा वाढतो, तसा हमाल आकार बदलतो. त्याचंच मोकळं शेपूट पीळ घेऊन खिशात शिरतं आणि वासाला बाहेर काढतं. रेशमाच्या पतंगात असं सापडलंय, म्हणालात, आणि तारेचं टोक आत सारलंत. शेंगदाणा टुणकन उडून परातीत. "अवो प्राध्यापक," काकू म्हणाल्या, "तुमचा पतंग माझ्या पिठात नगं!" ती तार तुम्ही मला देऊन टाकलीत. वर्गात पुढं काय काय शिकवलंत ते सगळं विसरलो, हे मात्र विसरत नाही.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला, राहायला खर्ड्यातच. तुमच्या कपाशीतले तीन सापळे माझ्याकडे होते. रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे आणि वहीत आकडा लिहायचा, एवढंच काम. पण सकाळीच कर्जतची एसटी कॉलेजच्या गावी, जामखेडला यायची आणि तिच्यातून ती उतरायची. आपल्याच वर्गातली. ओढणी सावरत म्हणायची, "आज पण इथंच का?" बस्स. तेवढ्यावर माझा दिवस जायचा. त्यासाठी मी खर्ड्याहून पहिली गाडी पकडायचो, शेताकडं फिरकायचोच नाही, आणि स्टँडच्या बाकावर बसून वहीत लिहायचो. अकरा. नऊ. चौदा. ल्युअर बदलायला तेवढा एकदा गेलो होतो, तोही तिच्यासाठी लावलेल्या अत्तराच्या हातानं.

मग एक दिवस तुम्ही स्वतः शेतात गेलात. तिन्ही पिशव्या रिकाम्या. प्रॅक्टिकलला सगळ्यांसमोर माझं मनगट धरून हुंगलंत. "गाढवा, अत्तराच्या हातानं ल्युअर लावलास? पतंग मादी शोधतोय, नवरदेव न्हाई!" सगळी प्रयोगशाळा हसली. तीही हसली. मग तुम्ही हात पुढं केलात, "वही आण बघू." मी वही टराटरा फाडली, बेसिनमध्ये टाकून वर नळ सोडला, स्टूल लाथाडलं आणि निघालो, तो परत कॉलेजची पायरी चढलो नाही. लोक म्हणाले, पोरगं तापट, पोरीसमोर हसं झालं ते सहन झालं नाही. तापट मी आहेच. पण सर, त्या दिवशीच्या पानावर 'बारा' लिहिलं होतं. रिकाम्या पिशवीचे बारा पतंग. तुम्ही वाचायच्या आत मी ते पाण्यात घातलं.

तुम्ही दोनदा निरोप धाडलात. तिसरा तिच्या हाती. आमच्या दारात ती यावी म्हणून मी किती दिवस जीव टाकला होता, आणि आली ती तुमचा निरोप घेऊन. "सर म्हणतात, मी जरा जास्तच बोललो. ये म्हणालेत." मी म्हणालो, "मला नाही यायचं." तिनं चपलेनं माती उकरली आणि निघून गेली. दोन महिन्यांत तुम्हीही गेलात. कर्जतची गाडी अजून दुकानासमोरून जाते. मी अजून खिडक्या बघतो.

हे लिहून काकूंच्या हातात द्यावं असं फार वाटत होतं. देणार नाही. कारण गेल्या आठवड्यात तोंडानंच सांगायचं म्हणून खर्ड्याला गेलो होतो. काकूंनी लगेच ओळखलं, आत नेलं, तव्यावरची भाकरी ताटात वाढली. मग समोर बसून म्हणाल्या, "शेवटपत्तुर त्येच म्हनायचे बघ. माझ्या तोंडापायी पोराचं शिक्शन गेलं. खरंच एवढं लागलं व्हतं का रे तुला?" पहिला घास हातात होता. तुम्ही सहा वर्षं जो दोष अंगावर घेऊन भिंतीवर तसबिरीत आहात, तो एका वाक्यात उतरवता आला असता.

मी म्हणालो, "व्हय काकू. लई लागलं व्हतं."