शक्तीच्या गोळ्या

प्रिय आई,

स्वेटर मिळाला. माझ्या छोटीला बाह्या लांब होतात, पण वाढतं अंग आहे. तिला शाळेत फिट आल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तू पहिलं विचारलंस, "कुणी पाहिलं का?" सगळ्या वर्गानं पाहिलं, म्हटलं.

माझ्या वेळी कुणी पाहू नये म्हणून तू केवढं केलंस. लग्न ठरलं तेव्हा स्वयंपाकघराचं दार लावून माझ्या फिटच्या गोळ्या पाकिटांतून सोडवल्यास आणि जीवनसत्त्वांच्या बाटलीत भरल्यास. "विचारलंच कुणी, तर शक्तीच्या गोळ्या म्हण. खोटं कुठाय त्यात? त्यांच्याच जोरावर उभी आहेस." मी हसलेसुद्धा. पुढे माहेरी आले की तू बाटली भरून द्यायचीस.

सासूबाई वाईट असत्या तर सोपं झालं असतं. बाटली तळाला गेलेली पाहून त्यांनी दुकानातून खरीखुरी जीवनसत्त्वं आणली आणि मला न सांगता तीत ओतली. तशाच पांढऱ्या, तशाच गोल. मी रोज न चुकता घेतल्या. एका सकाळी गॅसपाशी उकळत्या दुधाचं पातेलं अंगावर घेऊन पडले.

औषध कधी बंद केलंत, डॉक्टरांनी विचारलं. एकदाही चुकवलं नाही, मी म्हटलं. त्यांना मी खोटारडी वाटले. त्या घरात आल्यापासून गोळ्यांबद्दल मी प्रथमच खरं बोलत होते. सासूबाई बाटली हातात धरून रडत होत्या. "अगं, सांगितलं असतंस तर त्याच आणल्या असत्या ना मी." तू आलीस. माझ्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं नाहीस. वाकून कानाशी विचारलंस, "बाटलीचं कळलं का गं त्यांना?"

छोटीच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर असतात, नाव छापलेल्या पाकिटात. सकाळ-संध्याकाळ सासूबाई देतात. वर्गाच्या बाईंना ठाऊक आहे, शाळेच्या बसवाल्या काकांनाही.

स्वेटर ठेवून घेते. त्याच्या बाहीत दडवलेली जीवनसत्त्वांची रिकामी बाटली परत पाठवते आहे. छान धुतली आहेस, लेबलही भिजू दिलं नाहीस. ती छोटीलाच सापडली. आजीनं यात काय ठेवायला सांगितलंय, असं तिनं मला विचारलं. आजीलाच विचार, म्हटलं. सुट्टीत ती तुझ्याकडे येते आहे. विचारेल.

तरीही तुझीच,
थोरली