चिखलाला पंचामृत

डोकमर्डी, सिल्वासा
१४ जानेवारी २०२४

चि. मृणाल हीस अनेक आशीर्वाद.

मुलगी गोव्यात समुद्राच्या तळचा चिखल तपासते, हे शेजाऱ्यांना सांगताना माझी पंचाईत होते. मेलेलं कुजतं हे कळायला समुद्र कशाला हवा? आपल्या मागचं गटार पुरे. तरी त्या चिखलातून तुझ्या सरांनी म्हणे मोठा शोध लावला. लागणारच. दोन वर्षांमागे दसऱ्याला इथली नरोलीची तपासणीची लॅब बंद, म्हणून तू चिखलाच्या बाटल्या आपल्या फ्रिजमध्ये ठेवून परतलीस. आई नुसतं झाकणांना कुंकू लावत होती. बंद डब्याची पूजा कसली? मी प्रत्येक बाटली उघडून आत पंचामृत शिंपडलं, मगच लॅबवाल्यांना दिली.

प्रकृतीस जप. मी टाकून बोलतो ते मनावर घेऊ नयेस.

तुझा बाबा

पणजी
२३ जानेवारी २०२४

ती. बाबांस शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचून तडक सरांकडे गेले. समुद्रात जीव मेला की जिवाणू त्याच्या प्रथिनांतली आवडती अमिनो आम्लं आधी खातात, नावडती मागे उरतात. कोणती किती उरली त्यावरून तळाशी पोचलेलं अन्न किती शिळं ते कळतं. आमच्या चिखलात सगळं ताजं निघालं. सरांनी त्यावर पेपर छापला, माझी पीएचडीही त्यावरच उभी आहे. बाबा, ते ताजं अन्न म्हणजे तुमचं दूध-दही.

सर म्हणतात, गप्प बस, कोण तपासायला येतंय. पेपर मागे घ्यायचा तर कारण छापावं लागेल. माझी पदवी लांबेल ते सोसेन, पण लोक तुम्हाला हसतील. काय करू?

रागवा हवं तर, लोभ मात्र आटू देऊ नका.

मृणाल

डोकमर्डी
३० जानेवारी २०२४

चि. मृणाल हीस आशीर्वाद.

तुझ्या सरांची कीव येते. माझ्या दह्यावर विद्वत्ता मिरवली, आता म्हणे झाका. कोंबडं झाकल्याने उजाडायचं राहतं का? आणि तू एवढी शिकलेली, बाटल्यांवर ‘उघडू नये’ लिहायचं सुचलं नाही? आई रडते आहे. मलाही घास जात नाही, तुझी मेहनत माझ्या हाताने बुडाली.

पेपर मागे घे. कारण लिहिताना ‘घरातील एक व्यक्ती’ असं गुळमुळीत लिहू नकोस. पूर्ण नाव घाल. हसणाऱ्यांना कोणाला हसायचं ते नीट कळू दे.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

अनंत भगवंत सामंत,
निवृत्त मुख्य लिपिक, सिल्वासा