सीडीवरचा गोल ओरखडा

नाना, तुम्ही म्हणाल, ही बाई चाळिशीला आली तरी खेळातच अडकली. अडकलेच आहे. जळगावला कॉलेजात आठवडाभर कॉम्प्युटर शिकवते आणि रविवारी जुन्या व्हिडिओ गेमच्या सीड्यांच्या प्रती काढते. खेळायला नाही हो, जपायला. सीड्याही म्हाताऱ्या होतात, वाचेनाशा होतात. त्याआधी त्यांच्यातलं सगळं जसंच्या तसं उतरवून ठेवायचं. आमचा ठिकठिकाणच्या वेड्यांचा एक गट आहे. सीडी दोनदा वाचायची, दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली तरच प्रत खरी. जिथे वाचता येत नाही तिथे अंदाजाने काही भरायचं नाही, आणि खराबीचं कारण शेजारी नोंदवायचं. तुम्हाला हे काम आवडलं असतं. शेजारी खुर्ची टाकून माझ्या चुकाही काढल्या असत्या.

सावद्याच्या बसस्टँडजवळचं आपलं गेमचं दुकान आठवतं. दोन टीव्ही, दोन मशीन आणि आपल्या शेतातल्या केळ्यांचा वास. सीडीवर ओरखडा पडला की तुम्ही पिकल्या केळ्याचा गर तिच्यावर चोळायचात, सालीच्या आतल्या बाजूने पुसायचात, मग जुन्या धोतराच्या तुकड्याने लखलखीत. मधून बाहेर, सरळ. गोल अजिबात नाही. धुळ्याच्या दुकानदाराने सांगितलेलं ते तुम्ही शेवटपर्यंत पाळलंत. "केयानं आपलं पोट भरतं, सीडीचं बी भरंल," म्हणायचात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण सीड्या चालायच्या, हे कबूल करायला हवं.

दहावी झाले तेव्हा तुम्ही एसटीने धुळ्याला जाऊन माझ्यासाठी मोटारींच्या शर्यतीची सीडी आणलीत. दुकानातल्या बाकी सगळ्या नकली, ही एकच अस्सल. डबी उघडताना हात धुऊन यायला लावलंत.

ती दुपार. तुम्ही जेवायला घरी गेलेले, दुकानात मी एकटी. माझी गाडी पहिली चाललीय, हातातल्या रिमोटची वायर ताणली जातेय, म्हणून मी चालू मशीनच धरून ओढते. आत खर्र होतं आणि पडदा काळा. सीडी काढून डबीत ठेवते, डबी जागेवर. संध्याकाळी तुम्ही ती लावलीत, चालेना. केळं घेतलंत, चोळलंत, पुन्हा चोळलंत. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "केळी घासून घासून तुम्हीच वाट लावली तिची. शेतातलं शेतात ठेवत जा ना!" तुम्ही हातातल्या सालीकडे पाहिलंत. "हो बाई, मह्याच हातानं गेली," एवढंच म्हणालात. त्यानंतर तुम्ही एकाही सीडीला हात लावला नाही. "तूच लाव, तुले समजतं," म्हणून खुर्ची मागे सरकवायचात.

गेल्या वर्षी तीच सीडी मी प्रत काढायला घेतली. त्या खेळाची भारतात विकलेली आवृत्ती गटात आणखी कुणाकडेच निघाली नाही. ती दोनदा काय, दहादा वाचून पाहिली. मधला एक पट्टा काही केल्या उतरेना. मी कारण लिहून टाकलं: मालकाने चुकीच्या पद्धतीने पुसल्यामुळे. वीस वर्षं तेच म्हणत आले होते, हात थोडाच अडखळणार? परवा गटातल्या एकाने सीडीचा जवळून काढलेला फोटो मागितला, म्हणून दिव्याखाली तिरपी धरली. तुमचे पुसल्याचे ओरखडे दिसले, केसासारखे बारीक, सगळे सरळ, मधून बाहेर. आणि त्यांना छेदून एक गोल, खोल चर. चालू मशीन हलवलं की फिरती सीडी आत घासते आणि असाच चर पडतो. हे मी स्वतः नवख्यांना शिकवते.

पण दिव्याची गरज नव्हती हो. तो आवाज मी त्याच दुपारी ऐकला होता.

सावद्याला जाऊन आईला सांगितलं. ती गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याईले माहीत व्हतं. चष्मा घ्यायला मागं फिरले व्हते, दारातून पाह्यलं तुले मशीन ओढताना. तसेच घरी आले, जेवले बी नही. मले म्हने, पोरगी भेली आहे, तू काही बोलू नको."

मला रडू यायला हवं होतं, पण आला तुमचा राग. माझ्या एक थोबाडीत ठेवून द्यायची होती ना! मी सगळ्यांदेखत तुमचा पाणउतारा करत होते आणि तुम्ही खरं माहीत असून तो मुकाट घेत होतात. रडू नंतर आलं, परतीच्या एसटीत, आणि मग भुसावळपर्यंत थांबेचना.

त्या सीडीचा गेलेला पट्टा आता कुठेच नाही, नाना. तो रिकामाच राहील. आमच्यात तसाच नियम आहे. कारणाची ओळ मात्र मला बदलता येते. एका वाक्याचं काम. पण गटातले सगळे ती वाचतात, मला ताई म्हणतात, माझ्या हाताचे दाखले देतात. आज सकाळी ती उघडली, वाचली आणि बंद केली. तिथे अजून तुम्हीच आहात.