पाहायला ते आले, पाहिलं मीच

१२ डिसेंबर १९४३, रविवार

घाईघाईत लिहून राहिली आहे, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे!

कारखान्याच्या ऑफिसात माझ्या शेजारी टायपिंग करणारी डॉली मला इंग्रजी शिकवते. नुसतं टक लावून पाहिलं तर स्टेअर, आ वासून पाहिलं तर गेप, वखवखून पाहिलं तर ओगल. गेटवरचा दरवान गेप करतो, स्टोअरचे बाबू ओगल करतात. लढाईमुळे बाया कामावर आल्या, तर यांना सर्कसच वाटते.

आज नागपूरचे लोक मला पाहायला आले. मुलगा रेल्वेत आहे. तो यातलं काय करतो ते ओळखायचं, असं मी ठरवूनच बसले होते. पण त्यानं मान वर करावी ना! पोह्यांच्या बशीतच डोळे. मला दिसले फक्त त्याचे कान, लालबुंद. मग मी कानच पाहत बसले.

ते निघाल्यावर आई कडाडली, "काहून टकमक पाहून राहिली होती त्याच्याकडे? आता कुठला होकार!"

म्हणजे आज स्टेअर मीच केलं? आणि गेप? ओगलसुद्धा? थोडंसं... हो.

तेवढ्यात बाबा त्यांना टांग्यापर्यंत पोचवून परतले. म्हणाले, "मुलगा म्हणतो, तुमच्या मुलीनं मला नीट पाहून घेतलं आहे, तर पसंती आता तिलाच विचारा. अच्छा, बोल बाई, काय कळवू?"

मी पोह्यांच्या रिकाम्या बशीत डोळे घातले. माझेच कान तापले होते.