ठमीचं हेल्मेट

रविवार, ५ मार्च. दुपार.
ठमी पलंगावरून पडली. म्हणजे पडली असं नाही म्हणता येणार. उतरायला गेली आणि जमीन जरा आधी आली. मी तिथेच होतो. पलंगावरच, फोनवर मॅच बघत. कपाळावर टेंगूळ. रडली, मग हसली, दूध प्यायली. इतक्या लहान पोरीला असं सरकता येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (हिने सांगितलं होतं. आज सकाळीच.)

संध्याकाळ.
ही हॉस्पिटलच्या फार्मसीतून ड्यूटी संपवून आली. टेंगूळ बघितलं. मी म्हणालो, खुळखुळा स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला. हिने खुळखुळा हातात घेऊन दाबून पाहिला. कापडी होता. खरं काय ते सांगायचंच आहे. योग्य वेळ बघून.

सोमवार, ६ मार्च
मी बाटल्यांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. डोक्यावर हेल्मेट नसेल तर मॅनेजरलाही आत सोडत नाही. आणि घरी पोटची पोर उघड्या डोक्याने. दिव्याखाली अंधार. ठराव: ठमीला संपूर्ण प्रोटेक्शन.
फोरमन चपला घालून आला म्हणून झापला. आवाज नेहमीसारखा लागला नाही.

बुधवार, ८ मार्च
संशोधन चालू. फोमचं हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड, पाठीला बांधायची उशी. एका आईने लिहिलंय, हेल्मेट घातलं की बाळ निर्धास्त होऊन जास्तच आपटतं. दुसरीने लिहिलंय, घेतलं नाहीत तर पस्तावाल. मी आधीच पस्तावलेला असल्यामुळे मला दुसरीचं पटलं.
हिचं म्हणणं, जाड सतरंजी घाल, टेबल बाजूला सरकव आणि तिच्याजवळ बस, झालं. असले साधे उपाय कोणालाही सुचतात. 'जवळ बस' म्हणताना हिने माझ्याकडे रोखून पाहिलं का? बहुधा नाही.

शनिवार, ११ मार्च
पार्सल आलं. हेल्मेट डोळ्यांवर येतं. माप टेंगळासकट घेतलं गेलं. आत हातरुमाल कोंबला. पॅड घोट्यापर्यंत घसरत होते, पट्टे आवळले. पाठीला उशी बांधली. ठमीला सतरंजीवर ठेवलं. ठेवली तिथे राहिली.
ही म्हणाली, पोर आहे का कुरिअर? मी लक्ष दिलं नाही. शून्य अपघात. कारखान्यात हा बोर्ड लावायला आम्हाला वर्षं लागली.

गुरुवार, १६ मार्च
ठमी सरकायचीही बंद झाली. पाळणाघरातल्या मावशींना मीच ताकीद दिलेली, यातलं काहीही काढायचं नाही. त्या म्हणतात, दिवसभर नुसती बसून असते, बाकीच्या पोरांकडे बघत. ही काळजीत आहे. डॉक्टरांना दाखवू म्हणते.
त्या पडण्यामुळे तर नाही ना? आज सांगणारच होतो. पण ही भांडी घासत होती. हात ओले असलेल्या माणसाला असं काही सांगू नये.

शनिवार, १८ मार्च
डॉक्टरबाईंनी विचारलं, कधी पडली होती का? ही म्हणाली, नाही. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.
"पडली होती," मी म्हणालो. "मी मॅच बघत होतो."
डॉक्टरबाईंनी नीट तपासलं. काही झालेलं नाही म्हणाल्या. मग हेल्मेट, उशी, पॅड एकेक काढून टेबलावर ठेवलं. मांड्यांवर पट्ट्यांचे वळ उठले होते. त्यांनी त्यावरून नुसतं बोट फिरवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
ठमीला खाली सोडलं. जरा वेळ बसली. मग दोन्ही तळहात टेकले आणि सुटली. थेट वजनकाट्याकडे. पोर पहिल्यांदा रांगली आणि मला वळच दिसत होते.
घराच्या जिन्यात ही म्हणाली, "पोरं पडतात रे. त्याचं काही नाही. तू खुळखुळा म्हणालास."

रविवार, १९ मार्च
नवीन व्यवस्था. रविवारी ठमीपाशी सासूबाई असतील, मी आराम करायचा. हिला माझ्या तब्येतीची किती काळजी.
आतल्या खोलीत आराम केला. आरामाने माणूस फार दमतो. बाहेरून तळहातांची थपथप दारापर्यंत यायची. मग सासूबाई उचलून न्यायच्या.

रविवार, २६ मार्च
ठमी पडली. खुर्ची धरून उभी राहायला गेली, ओठ जरासा फुटला. सासूबाई फोनवर बहिणीशी बोलत होत्या. मी धावत बाहेर आलो. मनात पहिल्यांदा काय आलं तर, चला, यांच्याही हातून. दुसऱ्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई पदराने तिचा ओठ पुसत होत्या. ओठावर बर्फ मीच लावला.
"तिला सांगू नका हो," त्या म्हणाल्या. "परत माझ्यावर सोपवायची नाही ती."
माझ्याइतकं हे दुसऱ्या कोणाला कळणार?

संध्याकाळी ही आली. ओठ पाहिला. सासूबाई जमिनीकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, मीच घेऊन बसलो होतो, फोन वाजला आणि नजर हटली.
ही विचारणार होती, तू तर आत होतास ना? आई कुठे होती? ठमी तुझ्याकडे आली कशी? दुपारभर बसून एकेक उत्तर तयार केलं होतं.
"वाटलंच मला," ही म्हणाली, आणि ठमीला घेऊन आत गेली.
उत्तरं माझ्याकडेच राहिली.