‘हल्ली’ हा शब्द बाद

३ फेब्रुवारी
चिमटा लावला! कपडे वाळत घालायचा, निळा. पीएचडीच्या सरांचा हुकूम — रोज एकच गोष्ट बघायची, दिसेल तशी लिहायची, आणि मागचं पान उघडायचं नाही. म्हणून वहीची मागची पानं चिमट्यात. "माहीत असलेलं सगळं बाजूला ठेवा. रोज पहिल्यांदाच बघा. फिनॉमेनॉलॉजी म्हणजे एवढंच, बाकी पोपटपंची." प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडलंय: फिनॉमेनॉलॉजीचं तत्त्वज्ञानाच्या इतिहासाशी नातं काय? सरांचं उत्तर — काही नाही. मार्चअखेर प्रबंध द्यायचाय, म्हणजे माझंही उत्तर तेच!

गोष्ट निवडली: बाबा, सकाळी चहा पिताना. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, दुसरं बघणार कुणाला! मी त्यांच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसणार. खिडकी माझ्या पाठीमागे, उजेड बरोबर त्यांच्या चेहऱ्यावर. बसल्यावर बोलायचं नाही. बाबा हसले. "बघ बाई, बघ. जन्म गेला लोकांच्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात. आता माझी पाटी कुणीतरी वाचतंय."

४ फेब्रुवारी
कपाचा कान, त्यात उजव्या हाताची दोन बोटं. नखांत निळा रंग. डावा हात टेबलावर, बोटांनी ताल धरलेला. फुंकर. घोट. डोळे मिटतात.

११ फेब्रुवारी
इतिहासवाल्या बाईंनी स्टाफरूममध्ये गाठलं. त्या तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकवतात. सरांचं नि त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. "मागचं विसरून नव्याने सुरुवात — हे काय तुझ्या सरांनी शोधून काढलं? अगं, दर थोड्या वर्षांनी कुणीतरी उठतो आणि हेच म्हणतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचीच केवढी मोठी रांग आहे! आणि तू ‘कप’ लिहितेस, ‘हात’ लिहितेस, ते शब्द काय आज सकाळी उगवले?"

थोडं पटलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बाईंना समोरचा माणूस दिसतच नाही. त्याचे आजे-पणजे दिसतात!" मी हसून हसून मेले.

१८ फेब्रुवारी
डावा हात मांडीवर, तळवा वर. कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. बशीत दोन बिस्किटं. उजवीकडचं खाल्लं, डावीकडचं तसंच. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. छान! बघणाऱ्याचा अडथळाच उरला नाही.

२१ फेब्रुवारी
सरांनी माझं बिस्किटांचं वर्णन सेमिनारमध्ये वाचून दाखवलं! "यात ‘का’ नाही, ‘कधीपासून’ नाही. आणि बघणारी तर साफ नाहीशी झालीय. शाबास!" दिवसभर पाय जमिनीवर ठरेनात.

२६ फेब्रुवारी
उजवा गाल गुळगुळीत. डाव्या गालावर पांढरे खुंट. हनुवटीच्या मधोमध सरळ रेघ, जशी पाटीवर आखतात. सुंदर.

१ मार्च
शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. "तुझे बाबा हल्ली चौकटीला धडकतात गं. आणि मला विचारत होते, पोरगी हल्ली घरी नसते का म्हणून."

असला राग आला! घरी नसते? रोज सकाळी त्यांच्या शेजारी मग काय भूत बसतं? शिवाय ‘हल्ली’ म्हणजे आजची कालशी तुलना. माझ्या वहीत तो शब्दच बाद. पण हे काकूंना काय सांगणार, कपाळ!

तरीही हात चिमट्यापर्यंत गेला होता. काढला नाही. मार्चअखेर.

५ मार्च
बेकरीवाला त्याची नवी पाटी परत घेऊन आला. दारातच तोंड सोडलं. "अर्धी पाटी कोरी, अक्षरं सगळी उजव्या कडेला चेंगरलेली! पेंटर, डोळे आहेत की बटणं?" बाबा पाटीकडे बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "भरलीय की सगळी."

थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच ती भरलेली दिसत होती.

वर्णन लिहायला बसले. जमत नाही. भीती वाटतेय.

७ मार्च
बाबा बाथरूममध्ये पडले. हॉस्पिटल.

डॉक्टरीणबाई विचारत होत्या: "डावा हात कधीपासून असा आहे?" वही माझ्या पिशवीतच होती. "ताटातलं अर्धं तसंच ठेवतात? कधीपासून?" "एकाच घरात राहता ना तुम्ही?" एवढं बघून बघून काय बघितलं, ते कुठल्या तोंडाने सांगू!

बाकावर बसून चिमटा काढला. सगळी पानं एका दमात वाचली. हात टेबलावर, मग मांडीवर, मग नुसता लोंबणारा. आधी एक बिस्किट, मग अर्धा गाल, मग अर्धी पाटी. एक पान खोटं नाही, सगळी खरी आहेत. पण सलग वाचायचं कुणी! शेंबड्या पोरालाही कळलं असतं. इतिहासवाल्या बाईंना फोन लावला आणि नुसती रडले. त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की "मी सांगत होते ना!"

डॉक्टरीणबाईंना वही दिली. त्यांनी चाळली. "हे सगळं तुम्ही लिहिलंय? आणि आज आलात?"

८ मार्च
मेंदूत उजवीकडे गाठ. मोठी. परवा ऑपरेशन. "खात्री देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पंधरा-वीस दिवस आधी आणलं असतं तर, असं मी विचारलं नाही.

डोळे म्हणे शाबूत आहेत. पण डावी बाजू म्हणून काही असतं, हेच बाबांच्या लेखी उरलेलं नाही. तिकडे ताट नाही, भिंत नाही, माणूस नाही.

९ मार्च
उद्या ऑपरेशन. खाटेजवळ बसले होते. सवयीने डावीकडेच, त्यांचा हात हातात घेऊन. बाबा समोरच्या नर्सला सांगत होते, "माझी मुलगी आली तर झोपलो असलो तरी उठवा हं. बरेच दिवस दिसली नाही. अभ्यास फार असतो तिला."

"बाबा," मी हाक मारली.

ते लगेच उजवीकडे वळले. तिकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसले.